एकाच आवाजाच्या विटा

सेक्टर 2, भिलाई
रविवार, दि. 8 नोव्हेंबर 1964

ती. बेबीताईच्या सेवेशी,

धाकट्या देवरावचा दंडवत. मी आणि मनकर्णा इथे ठीक आहो. तू, भाऊजी आणि तुमची म्हैस तिकडे तुमसरले ठीक असान. धान कापून झालं का? इकडे छत्तीसगडी लोकांची कापणी जोरात आहे. माहा जोडीदार सुखराम त्याच्यासाठीच तीन आठवडे गावाले जाऊन बसला आणि इकडे माही कंबर मोडून राहिली.

भाऊबीजेले आलो नाही. सुट्टी भेटली नाही असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईन. दोन दिवसांची भेटली होती. मनकर्णाने करंज्याही बांधून ठेवल्या होत्या, त्या आम्हीच खाल्ल्या. गोंदियाले गाडी बदलायची, फलाटावरच्या गर्दीत पाय टाकायचा, या विचारानेच मन मागे आलं. मागच्या उन्हाळ्यात तू इथून चहा न घेता निघून गेली त्याबद्दल आज काही लिहीत नाही. तूही काढू नको.

यंदा दिवाळीचे दिवे मात्र भारी दिसले. साऱ्या लायनीत पणत्या होत्या आणि मले एकेका पणतीभोवती इंद्रधनुष्याचं कडं दिसे. मनकर्णाले म्हटलं तर ती म्हणते, "तुम्हाले दिसत असन बापा, आमाले नुसता दिवा दिसते."

काम चालू आहे. कारखाना वाढवून राहिले, त्याच्यात कोळशाच्या भट्ट्यांची एक नवी रांग उभी होऊन राहिली. तिच्या भिंती आम्ही गवंडी लोक बांधतो. बाने जलमभर लाल विटा लावल्या, मी आगीच्या विटा लावतो, एवढाच फरक. त्यातही दोन जाती. पांढरी वीट आगीच्या तोंडाशी बसते, पिवळी मागच्या थंड बाजूले. पिवळी चुकून पुढे बसली तर त्या आगीत ती नरम पडते, वरचं वजन घेत नाही आणि सारी भिंत खाली येते. पांढरी म्हटली तरी ती काही दुधासारखी नसते, आणि पिवळीही काही हळदीसारखी नसते. नव्या माणसाले दोन्ही सारख्याच वाटतात. मी मात्र अजून बासारखीच थापीच्या दांड्याने एकेक वीट ठोकून, कान देऊन मगच लावतो. पोरं हसतात. म्हणतात, देवराव विटेले हालहवाल विचारते.

तुले ज्याचा राग आला होता तो डबा अजून घरात आहे. तू त्याले खेळणं म्हटलं. वासिलीसाहेब रशियाले परत जाताना देऊन गेला, हे तुले सांगायच्या आतच आपलं भांडण झालं. हा साहेब आमच्या विटकामावर होता. कामावर असा ओरडे की दुभाष्याले अर्धं गाळून सांगावं लागे. पण रविवारी त्याच्या घरी गेलं की मेजावर प्लास्टिकच्या बोटाएवढ्या विटा पसरून पन्नाशीचा माणूस मांडी घालून बसे. कुठून तरी जर्मनीतून आणल्या होत्या म्हणे. विटेच्या पाठीवर आठ बारीक गोल उंचवटे, पोटाकडून पोकळ, एकीवर एक दाबली की पक्की बसते. माल नाही, ओळंबा नाही. त्याले मराठी येत नव्हतं, मले रशियन. मी सांध्यावर सांधा आणला की तो माह्या बोटावर चापट मारे. दोन वर्षं आम्ही असे दर रविवारी बसलो. आम्ही पूल बांधले, चिमण्या बांधल्या, एक डोंगरगडचं देऊळही बांधलं.

तो गेल्यावर मी थांबलो नाही. रशियन मंडळी घरी जाताना सामान विकतात, तिथे जाऊन जाऊन मी आणखी तीन डबे जमवले. बाकीचे लोक सायकली अन् रेडिओ पाहत, मी खाली वाकून विटा शोधे. आता हजाराच्या वर आहेत. सध्या मी आमच्या कामावरची भिंतच घरात बांधून राहिलो. आठवडाभर तिथे जेवढ्या रांगा चढल्या तेवढ्याच रविवारी इथे चढवायच्या. तिथे पांढरी तर इथे पांढरी, तिथे पिवळी तर इथे पिवळी. चाळीस वर्षांच्या माणसाने हे करावं का, हे तू विचारशीनच. मले दुसरं काही येत नाही ताई, आणि याच्यात मन लागते.

ओळी वाकड्या गेल्या, त्याले हसू नको. टेबलाचा एक पाय आखूड आहे.

मनकर्णाने पानाचा डबा काढला की तुही आठवण होते. तू अजून बिनचुन्याचंच पान खाते का? दिवाळीले साऱ्या गावाच्या भिंती चुन्याने पोतल्या जातात, तुही भिंत मातीचीच राहते. कावून, ते तुले माहीत आहे आणि मले माहीत आहे. म्हणून लिहीत नाही.

दोन ओळी टाक.

तुहा,
देवराव


सेक्टर 2, भिलाई
रविवार, दि. 13 डिसेंबर 1964

ती. बेबीताई,

नमस्कार. भाऊजींचं कार्ड भेटलं. "सर्व कुशल, म्हैस व्याली" एवढंच होतं. तुह्या हाताची ओळ नव्हती. असो. म्हशीले पारडी झाली का पारडा, तेही भाऊजींनी लिहिलं नाही.

हे पत्र तू एकटीच वाच. अक्षर लावून लावून वाच, पण भाऊजींच्या हाती देऊ नको.

टेबलाचा पाय आखूड नाही. मी खोटं लिहिलं होतं.

मागच्या रविवारी मनकर्णा फळीवरची धूळ पुसून राहिली होती. माही प्लास्टिकची भिंत पाहून म्हणते, "ही चितकबरी कावून केली हो?" मी म्हटलं, कुठे चितकबरी? पुढे पांढरी आहे, मागे पिवळी आहे. ती हसली. तिले वाटलं मी थट्टा करून राहिलो. तिने दोन विटा माह्या तळहातावर ठेवल्या आणि विचारलं, पिवळी कोणती? मी सांगितली. ती पुन्हा हसली आणि विटा बदलून पुन्हा विचारलं. मी सांगितली. तिसऱ्या वेळी ती हसली नाही. ती माह्यासमोर खाली बसली आणि म्हणे, "देवाशपथ सांगा, तुम्हाले खरंच दिसून नाही राहिलं?"

दिसत नाही ताई. वर्ष झालं असन. समोरचं दिसते, तेही धुरकट, जसं नळीतून पाहावं तसं. बाजूने माणूस आला तर अंगावर येईपर्यंत कळत नाही. सुखराम शेजारून जाते आणि मी बोलत नाही, तर त्याले वाटते देवरावले गर्व चढला. फलाटाची भीती मले त्याच्यासाठीच वाटली. कपाळ ठणकते, रंग मळके दिसतात आणि पांढरं-पिवळं तर एकच होऊन गेलं. हे मी कोणाले बोललो नाही. वर्षाच्या तपासणीत डोळ्याचा तक्ता वाचायले लावतात, तर मी रांगेत मागे उभा राहिलो आणि पुढच्याने वाचलेली अक्षरं पाठ करून म्हणून दाखवली. सारीच्या सारी बरोबर.

पण खरी गोष्ट पुढे आहे.

सुखराम असला की विटा तोच काढून देते. पांढरीचा ढीग वेगळा, पिवळीचा वेगळा, त्याचे डोळे घारीसारखे. तो कापणीले गेला ते तीन आठवडे मिसळलेल्या ढिगातून मीच उचलून लावल्या. अकरा रांगा. त्याच रांगा मी घरी बांधल्या आणि घरच्या साऱ्या चुकल्या. अंगठ्याएवढ्या विटेत, उजेडात बसून, सावकाश बांधताना जर मी एवढा चुकलो, तर तिथे घाईत काय केलं असन? विटेवर जातीची छाप असते, पण ती मले धड वाचता येत नाही, आणि वीट बसली की छाप आत जाते, वरून माल फिरला की रंगही झाकते. तपासणारा येते, सांधे पाहते, ओळंबा लावते आणि "शाबास देवराव" म्हणून जाते.

जानेवारीत भट्टी तापवायले घेतील. एकदा आग आत गेली की भिंत उघडता येत नाही. मग ती कधी बसन ते कोणी सांगू शकत नाही, वर्षाने, दोन वर्षांनी, आणि बसली तर समोर माणसं असतील. रोज सकाळी कामावर गेलो की पहिले मी त्या अकरा रांगांकडे पाहतो. काही दिसत नाही.

सांगितलं तर भिंत उकलतील आणि मले डोळ्याच्या डॉक्टरपुढे उभं करतील. नोकरी गेली की हे घरही गेलं. मनकर्णाच्या पोटी लेकरू नाही, शेत नाही, गावात बाची खोलीही पडून गेली. मले विटा लावण्यापलीकडे काय येते? आंधळ्या गवंड्याले कोण उभं करते? हे तुले कोणी सांगायले नको. तू आपल्या घरात पाहिलं आहे.

आठ दिवस झाले जेवण उतरत नाही. मनकर्णा ताट पुढे करते आणि उचलून नेते. ताई, तू मोठी आहे. काय करू ते लिही. भांडण राहू दे बाजूले, एवढंच लिही.

देवराव


सेक्टर 2, भिलाई
रविवार, दि. 24 जानेवारी 1965

ती. बेबीताई,

नमस्कार. अक्षर मनकर्णाचं आहे, बोलणं माहं आहे. (बाई, हे म्हणतात तसंच्या तसं लिहून राहिली. मधात रडले तर ते लिहीत नाही. — मनकर्णा)

तुहं उत्तर आलं नाही. मी आठ दिवस डाकवाल्याची वाट पाहिली, मग सोडून दिली. तुह्यावर राग नाही. माहं कोणतं तोंड होतं मागायचं?

मी सांगून टाकलं. आमचा फोरमन गुलाबराव नागपूरचा आहे, चांगला माणूस आहे. त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि सारं बोललो, तक्त्याचंही बोललो. त्याने पहिले दार लोटून घेतलं. मग म्हणे, "देवराव, एकदा कागदावर आलं की मले ते पुसता येणार नाही. तुले शंका आहे की खात्री आहे?" मी म्हटलं, खात्री आहे. घरी तपासून पाहिलं. तो म्हणे, "घरी कुठे भट्टी आहे बे तुह्या?" मी त्याले प्लास्टिकच्या विटांचं काही सांगितलं नाही, लाज वाटली. नुसता कागद लिहून दिला आणि खाली सही केली.

त्यांनी भिंत उकलली. मले म्हणाले घरी जा, पण मी गेलो नाही. तिथेच एका खोक्यावर बसलो. छिन्नी लावून एकेक वीट काढत, सुखराम ती उलटी करे, गुलाबराव छाप वाचे आणि मोठ्याने सांगे. पुढची वीट, पांढरी. पुढची, पांढरी. मागची, पिवळी. मी चुकीच्या विटेची वाट पाहत बसलो होतो, ताई. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी अकरावी रांग संपली.

एकही वीट चुकलेली नव्हती.

सुखराम माह्याजवळ येऊन उभा राहिला. मले तो दिसला नाही, त्याच्या बिडीचा वास आला. म्हणे, "तैं तो ठोंक के लगाथस न भइया. हाथ ह कइसे भुलाही?" हात कसा भुलन, म्हणते. तेव्हा माह्या डोक्यात उजेड पडला. मी एकेक वीट ठोकून लावली होती. पांढरी खणखणीत बोलते, पिवळीचा आवाज बसका. डोळ्याने काय उचललं ते हाताने आणि कानाने आपलं आपण तपासलं, चुकीची आली ती बाजूले ठेवली आणि दुसरी घेतली. पंचवीस वर्षांची सवय नाही, बाची धरली तर पन्नास वर्षांची सवय आहे ती. मले कळलंही नाही.

आणि घरच्या त्या विटा. त्या ठोकल्या तर काय बोलणार? पांढरी, पिवळी, लाल, निळी, साऱ्यांचा आवाज एकच, डब्यात सुपारी पडल्यासारखा. वजनही एकच. तिथे डोळ्यांशिवाय काही चालत नाही, म्हणून तिथे मी चुकलो. आणि त्या खोट्या भिंतीवरून मी माह्या खऱ्या भिंतीले खोटं ठरवलं. सारा जलम वीट ठोकून पाहणारा माणूस मी, आणि लावलेली भिंत एकदा दांड्याने ठोकून पाहायचं मले सुचलं नाही. त्या टेबलावरच्या खेळण्यावर मी भरवसा ठेवला. वासिलीसाहेब असता तर चापट नाही, मुस्काटात मारली असती.

भिंत पुन्हा बांधली. मी नाही, दुसऱ्यांनी. आता भट्टी तापून राहिली आहे.

कागद मात्र कागदच राहिला. डॉक्टरांच्या मंडळाने "अनफिट" लिहिलं आणि त्यात त्यांची काही चूक नाही. हलकं काम पाहू म्हणतात. हलक्या कामालेही डोळे लागतात. घर फेब्रुवारीच्या शेवटी खाली करायचं आहे. कधी कधी वाटते, गप्प राहिलो असतो तर काय बिघडलं असतं? भिंत चांगलीच होती. आणखी एक वर्ष, दीड वर्ष मी कानाने काम केलं असतं. खरं बोललो आणि गेलो. मनकर्णा म्हणते बरं केलं. मले बरं वाटत नाही. सकाळी भोंगा झाला की मी उठून बसतो, आणि मग कुठे जायचं ते आठवत नाही.

(रोज तसंच करतात. — म.)

आता जे लिहायले मले आठ महिने लागले ते लिहितो.

डोळ्याच्या डॉक्टरने याले काचबिंदू म्हटलं. आतून दाब वाढते आणि नजर कडेकडून मरत येते, गेलेली परत येत नाही. दिव्याभोवती रंगीत कडं दिसते ती त्याचीच खूण. मी दिवाळीले तुले मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं. मग त्याने विचारलं, घरात आणखी कोणाले होतं का? मी म्हटलं, बाप आंधळा झाला, पण त्याच्या डोळ्यात चुना गेला होता. तो म्हणे, नीट सांगा.

मी नीट सांगायले लागलो आणि सांगता सांगता थांबलो. ताई, तू अकरा वर्षांची होती. बाने तुले चुना विझवायले सांगितलं, तू हौदात पाणी जास्त ओतलं, चुना उसळला आणि बाच्या तोंडावर उडाला. हे खरं. पण आठव, त्याच्या आधीच्या होळीले बा पंगतीत वाढत होता आणि बाजूच्या माणसांले वाढायचं सोडून सोडून पुढे जात होता. लोक हसले होते. दाराच्या चौकटी त्याले तेव्हाच लागत. आणि कंदील लावला की तो मायले म्हणे, पाहा, कंदिलाले कसा रंगीत मळवट भरला. हे सारं चुन्याच्या आधीचं आहे. डॉक्टर म्हणते, चुन्याने जळाले असते तर डोळे तेव्हाच जळाले असते, चार वर्षं लावून हळूहळू गेले नसते. हा रोग रक्तातून आला. तुमच्या बापाले होता, तुम्हाले आहे.

तुह्या हाताने बाचे डोळे गेले नाही. माय म्हणे, "पोरीने बापाचे डोळे घेतले." ती मरेपर्यंत म्हणत राहिली आणि तू ऐकत राहिली. चौदा वर्षं तू बाले हात धरून नदीवर नेलं, त्याचं ताट वाढलं, त्याच्यासाठी तुहं लग्नही थांबलं. त्या साऱ्याचं मूळच खोटं होतं.

आणि मी. मागच्या उन्हाळ्यात तू माह्या घरी पाहुणी आली होती. तू म्हटलं, "बा आंधळा होऊन विटा चाचपत बसे, आणि तू डोळे असून खेळण्यातल्या विटा चाचपते." त्यात काय खोटं होतं? तेव्हाही माहे डोळे जाऊनच राहिले होते, म्हणून मले ते झोंबलं. आणि मी मनकर्णासमोर तुले म्हटलं, "बाचे डोळे कोणी घेतले ते सांगू का?" तू चहाचा कप खाली ठेवला, पिशवी उचलली आणि गेली. मायनंतर ते कोणी तुले म्हटलं नव्हतं. मी म्हटलं. तुह्या हाताचं खाऊन मोठा झालेल्या भावाने म्हटलं.

माफी मागत नाही, ती लहान पडन. पण तू दुर्गले नाही तर नागपूरले, जिथे जमन तिथे जाऊन डोळे दाखवून घे. आपल्या दोघांचं रक्त एकच आहे. डॉक्टर म्हणते, वेळेवर औषध सुरू केलं तर राहिलेली नजर राहते. माही वेळ मी दुसऱ्याचा तक्ता पाठ करण्यात घालवली. तू घालवू नको. दिव्याभोवती कडं दिसते का, ते आजच पाहा.

प्लास्टिकची भिंत मी मोडणार होतो. मनकर्णाने मोडू दिली नाही. तशीच चितकबरी फळीवर उभी आहे. मी बोट फिरवतो तर सांधे बरोबर लागतात, रंग लागत नाही. घर सोडताना तिचं काय करायचं ते ठरलं नाही. आम्ही कुठे जायचं तेही ठरलं नाही. तुह्याकडे येतो असं लिहिणार नाही. एका आंधळ्याचा हात धरून तुहं अर्धं आयुष्य गेलं, दुसऱ्याचा धरायले मी सांगणार नाही.

एकच काम सांगतो, तेवढं कर. हे पत्र वाचून झालं की पानाचा डबा काढ आणि पानाले चुना लावून खा.

खालची सही मी माह्या हाताने करून राहिलो. रेघेवर बसली का ते मनकर्णा सांगत नाही.

तुह्या दोषाचा खोटा साक्षीदार,
देवराव